भाजी आणायला जाऊ की नको?

पत्र एका ७२ वर्षांच्या ताईंचं आहे. महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहराच्या जुन्या उपनगरात त्या मुलगा, सून आणि नातवंडांसोबत राहतात. ओळख पटू नये म्हणून शहराचं नाव आणि काही तपशील गाळले आहेत. सकाळी भाजी, येताना वाचनालय, गुरुवारी दत्ताचं देऊळ, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. तीन महिन्यांपूर्वी फुटपाथवरचा हललेला ब्लॉक पायाखाली आला, त्या पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बाहेर पडणं सुटलं ते सुटलंच. मुलगा म्हणतो, "आई, भाजी ॲपवरून दहा मिनिटांत येते. चालायचंच असेल तर सोसायटीत फेऱ्या मार." ताईंना त्याची काळजी कळते, पण घरात जीव रमत नाही. त्यातच सोसायटीतल्या ज्येष्ठांनी 'फुटपाथवरच्या भाजीवाल्या हटवा' असा अर्ज तयार केला आहे आणि त्यावर ताईंची सही हवी आहे. त्या भाजीवाल्यांपैकी एकीकडून ताई गेली वीस वर्षं भाजी घेतात. त्या विचारतात, मुलाचं ऐकून घरात बसू का? अर्जावर सही करू का? आणि काठी घेतली तर 'हिचं आता संपलं' असं लोक म्हणतील, त्याचं काय करू?

प्रिय ताई,

'माझंच लक्ष नव्हतं' असं तुम्ही पत्रात पुन्हा पुन्हा लिहिलं आहे, म्हणून आधी त्याबद्दल बोलते. ब्लॉकखालची वाळू पावसात वाहून गेली होती, एका बाजूला पाय पडताच तो दुसऱ्या बाजूने उचलला गेला आणि तुमच्या हातात भरलेली पिशवी होती, असं तुम्हीच सांगता. अशा ब्लॉकवर तिशीतला माणूसही अडखळतो. तो दोन पावलं धडपडून सावरतो आणि पुढे जातो, त्याच्या अडखळण्याची नोंद कुठेच होत नाही. तुमच्या वयात शरीराला तोल सावरायला थोडा जास्त वेळ लागतो. पडताना हात आपोआप पुढे टेकला जातो, आणि पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होत जातात, म्हणून मनगट मोडणं ही या वयातली नेहमीची दुखापत आहे. वयाचा यात वाटा आहे, ते मी नाकारत नाही. पण तो ब्लॉक तुम्ही सैल केला नव्हता, आणि तीन महिन्यांनंतरही तो तसाच असेल तर उद्या त्यावरून दुसरं कुणीतरी पडेल.

जाता जाता एक विचारते. मनगट जोडल्यावर हाडांची घनता तपासायला कुणी सांगितलं का? सांगितलं नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तुम्ही स्वतःच विचारा. किरकोळ पडण्यातून हाड मोडणं ही हाडं कमकुवत झाल्याची खूण असू शकते, आणि त्यावर उपचार आहेत.

आता मुलाचं म्हणणं. त्याच्या बोलण्यात दोन समजुती आहेत आणि मला दोन्ही तपासून बघाव्याशा वाटतात. पहिली ही की घर सुरक्षित आणि रस्ता धोक्याचा. ज्येष्ठांचं पडणं बऱ्याचदा घरातच होतं, ओल्या बाथरूममध्ये, अंधारात पाणी प्यायला उठताना, दुमडलेल्या पायपुसण्यावर. शिवाय एकदा पडलेलं माणूस भीतीने हालचाल कमी करतं, त्यामुळे पायांतली ताकद आणि तोल दोन्ही कमी होतात आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. हा अनुभव डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट रोज घेतात. घरी बसवून आपण आईला वाचवतो आहोत असं मुलाला मनापासून वाटतं, पण दोन वर्षांनी तीच आई खुर्चीतून उठताना हात मागेल. जागतिक आरोग्य संघटनेची ६५ वर्षांपुढच्यांसाठीची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचालीची आहे, आणि त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम. तुमच्या भाजी-वाचनालयाच्या नेमात चालण्याचा मोठा हिस्सा सहज होऊन जात होता.

दुसरी समजूत अशी की चालणं म्हणजे चालण्याचा व्यायाम, तो कुठेही केला तरी सारखाच. सोसायटीत फेऱ्या मारणं वाईट नाही, पावसाळ्यात तर ती चांगली सोय आहे. पण तुम्ही पत्रात आठवण काढलीत ती चालण्याची नव्हे. मेथीची जुडी हातात घेऊन बघण्याची, वाचनालयातल्या बाईंनी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या दिवाळी अंकाची, देवळाच्या पायरीवर भेटणाऱ्या मैत्रिणीची काढलीत. भाजी ॲपवरून येईल, पण ही माणसं येणार नाहीत. मुलाला हे कदाचित कुणी सांगितलंच नसेल. तुम्ही सांगा, आणि त्याला एका सकाळी सोबत न्या. तुमच्या वेगाने त्याला चालू द्या, तुमची पिशवी त्याच्या हातात द्या, आणि कुठे थांबावं लागतं, कुठे फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागतं ते त्याला बघू द्या. वाद घालण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे.

मी तुम्हाला घरात बसायला सांगणार नाही. पण पूर्वीसारखं जशाला तसं सुरू करा असंही सांगणार नाही. आधी स्वतःची तयारी करून घ्या. डोळे तपासा, मोतीबिंदू पिकत असेल तर पायरीची कड दिसत नाही. दूरचं-जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा असेल तर खाली बघताना नजर जवळच्या नंबरातून जाते आणि पायाखालची जमीन धूसर होते. बाहेर चालण्यासाठी फक्त दूरच्या नंबराचा वेगळा चष्मा करून घ्यावा का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उठल्यावर चक्कर येते का, याकडे लक्ष द्या आणि येत असेल तर डॉक्टरांना सांगा. अंगठ्याची सैल चप्पल नको, मागे पट्टा असलेली, रबरी तळव्याची सँडल घ्या. साडीच्या निऱ्या घोट्याच्या थोड्या वर राहू द्या. पिशवी खांद्याला अडकवा, म्हणजे हात मोकळे राहतील, आणि एका दमात सगळी भाजी आणू नका. घरी ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं आणि हात न टेकता खुर्चीतून उठबस करणं, एवढ्यावर सुरुवात करा. मनगट नुकतंच जुळलं आहे, म्हणून फिजिओथेरपिस्टकडून हे एकदा नीट शिकून घ्या.

वेळेचंही बघा. आपल्याकडे अनेक ज्येष्ठ भल्या पहाटे अंधारात बाहेर पडतात, हवा चांगली असते म्हणून. त्या वेळी रस्ते रिकामे, म्हणून गाड्या वेगात, दिवे कुठे चालू कुठे बंद, आणि गडद शाल पांघरलेलं माणूस चालकाला दिसता दिसत नाही. उजाडल्यावर आणि शाळेच्या गर्दीच्या आगेमागे निघणं बरं.

हे सगळं केलं तरी रस्ता तोच राहतो. तुमच्या आणि तुमच्यासारख्या असंख्य वाचकांच्या बाबतीत माझं खरं म्हणणं हे आहे की दुरुस्ती तुमच्यात जेवढी करायची, त्याहून जास्त त्या अर्ध्या किलोमीटरच्या वाटेत करायची आहे. आणि वाट दुरुस्त होऊ शकते.

तुम्ही लिहिलंय की पुष्कळदा तुम्ही फुटपाथ सोडून रस्त्याच्या कडेनेच चालता, आणि मुलगा त्यावरून रागावतो. तुमचं चुकत नाही, फुटपाथच तुम्हाला खाली उतरवतो. तुमच्या गल्लीतला फुटपाथ डोळ्यांपुढे आणा. पहिल्या इमारतीपाशी तो गाड्यांच्या फाटकासाठी उताराने खाली येतो. दहा पावलांनी पुन्हा वर चढतो, तिथे झाड, झाडाभोवतीचा कट्टा फुटलेला. पुढे डीपी बॉक्स, त्याच्या बाजूला लावलेल्या दोन स्कूटर. मग दुसरं फाटक, पुन्हा उतार, इथे चकचकीत टाइल, पावसात शेवाळलेली. मग दुकानाची पायरी, फुटपाथवरच बांधलेली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एवढ्या चढउतारापेक्षा सपाट डांबर बरं वाटतं, मग मागून बस येत असली तरी. फाटकापाशी फुटपाथ सलग, एकाच पातळीत ठेवायचा आणि गाडीने चढून-उतरून जायचं, हा यावरचा उपाय नवा नाही. महागही नाही. आणि बघा, या उतारांपैकी एक तुमच्याच सोसायटीच्या फाटकासमोर असेल. भाजीवाल्यांविरुद्धच्या अर्जावर सही मागणाऱ्यांना आधी तिथे उभं करा.

आता त्या अर्जाबद्दल. माझं मत विचाराल तर आहे त्या रूपात त्यावर सही करू नका. तुमची भाजीवाली फुटपाथची अडचण असूही शकते, पण ती एकटीच अडचण आहे का, हे कुणी मोजून पाहिलेलं दिसत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 'आयआरसी १०३' या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फुटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, समोरासमोर दोन व्हीलचेअर निघतील एवढी. डोक्यावर २.२ मीटर मोकळं हवं, आणि फुटपाथची कड रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, म्हणजे साधारण सहा इंच. मोजपट्टी घेऊन जा. भाजीवाल्यांच्या टोपल्यांपुढे १.८ मीटर मोकळे राहत असतील तर प्रश्न त्यांचा नाहीच. राहत नसतील तर त्यांना अर्धा मीटर मागे सरकायला सांगता येतं, आणि वीस वर्षांच्या ओळखीवर हे तुम्ही त्यांना कुणाहीपेक्षा चांगलं सांगू शकाल. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक शहरात समिती नेमायची असते, आणि कुणाला कुठे बसू द्यायचं ते तिच्या शिफारशीने ठरवायचं असतं. सरसकट 'हटवा' म्हणणाऱ्या अर्जाने कारवाईची गाडी एक दिवस येईल, टोपल्या उचलून नेईल, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्या दिवशी मोटारसायकली उभ्या राहतील. स्कूटरच्या रांगेपेक्षा भाजीवाली बसलेला फुटपाथ म्हाताऱ्या माणसाला अधिक सुरक्षित, असं मला वाटतं. तुम्ही पडलात तेव्हा तुम्हाला उठवून पाणी कुणी दिलं, ते तुम्हीच पत्रात लिहिलं आहे.

त्या अर्जाऐवजी दुसरा अर्ज तयार करा. चार-पाच जणांनी मिळून एका सकाळी तुमच्या फाटकापासून मंडई, वाचनालय आणि देवळापर्यंत चालत जायचं. त्यात एक गुडघेदुखीवाला असू दे, एक कमी दिसणारा, आणि जमलं तर बाबागाडी घेऊन एखादी आई. प्रत्येक अडचणीचा फोटो काढा, सोबत खूण लिहा, 'अमुक मेडिकलसमोर, विजेच्या खांबाशेजारी' अशी, म्हणजे दुरुस्तीला येणाऱ्याला जागा सापडेल. बसायला बाक कुठे आहेत, स्वच्छतागृह कुठे आहे, तेही लिहा. मधुमेह किंवा लघवीचा त्रास असलेल्या कितीतरी बायका फक्त वाटेत सोय नाही म्हणून बाहेर पडायचं टाळतात, आणि हे त्या घरातही बोलत नाहीत. दर दोनतीनशे पावलांवर टेकायला जागा मिळाली तर ज्येष्ठांचं चालण्याचं अंतर आपोआप वाढतं.

सिग्नलपाशी मोबाइलमधलं घड्याळ लावा. पादचाऱ्यांसाठी सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरण्याचा प्रघात आहे. ज्येष्ठ माणूस ०.८ मीटरच्या आसपास चालतो. रस्ता २० मीटर रुंद असेल तर पहिल्या हिशेबाने १७ सेकंद पुरतात आणि तुम्हाला २५ लागतात. म्हणजे दिवा लाल होईल तेव्हा तुमचे सहा मीटर अजून बाकी असतील, जवळजवळ दोन गाड्यांच्या रांगांएवढे. तुम्हाला त्या चौकात 'धावल्यासारखं' करावं लागतं, त्याचं कारण हा हिशेब आहे. सिंगापूरने २००९ पासून काही सिग्नलवर अशी सोय केली आहे की ज्येष्ठांनी आपलं कार्ड यंत्राला टेकवलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. आपल्याला तेवढ्या यंत्रणेची वाट बघायची गरज नाही. एका चौकात पादचाऱ्यांचे सात-आठ सेकंद वाढवणं हा वेळापत्रकातला बदल आहे. आणि रस्त्याच्या मधोमध दुभाजकात थांबायला सुरक्षित जागा असली, तर तुम्हाला रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो.

तुम्ही म्हणता, तक्रारीने काही होत नाही. एकट्याने तोंडी केलेल्या तक्रारीचं बहुतेक वेळा तसंच होतं. कोणाला काय मागायचं हे वेगळं करून मागा. फुटपाथ, ब्लॉक, फाटकापाशी सलग पातळी ही कामं महापालिकेच्या रस्ते विभागाची, म्हणजे तुमच्या प्रभागाच्या कार्यालयात पत्र द्यायचं. चेंबरचं झाकण खचलं असेल तर मलनिस्सारण विभाग. सिग्नलची वेळ आणि फुटपाथवरची वाहनं यांसाठी वाहतूक पोलीस. डीपी बॉक्स असेल तर वीज कंपनी. प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, तो क्रमांक हातात असला की पुढचं बोलणं सोपं होतं. दाद लागली नाही तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे जाता येतं, आणि काम का झालं नाही हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. पत्रात हेही लिहा की मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्याविना फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. तुम्ही उपकार मागत नाही.

पुण्यात महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं. त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याच्या नव्या आखणीला सुरुवात झाली. तिथे रुंद फुटपाथवर, झाडांखालच्या बाकांवर संध्याकाळी किती ज्येष्ठ बसलेले असतात ते पाहिलं की जागा मिळाली तर माणसं बाहेर येतात याची खात्री पटते. पुण्याचं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, मुख्य रस्ता सुधारतो आणि आतली गल्ली तशीच राहते, हे तिथेही आहे. तुमच्या शहरात प्रभागासाठी नागरिकांकडून अंदाजपत्रकात सूचना मागवत असतील तर त्याची मुदत विचारून ठेवा. पुण्यात अशी पद्धत आहे. चार बाक आणि दोन फाटकांपुढचा फुटपाथ, एवढ्या छोट्या कामांसाठी तो मार्ग चांगला आहे.

आणखी एक काम तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने करावं असं मला फार वाटतं. संघात पडल्याची वही ठेवा. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते, जवळजवळ पाचातला एक. पण तुमचं मोडलेलं मनगट कुठल्याच सरकारी आकड्यात नाही, कारण तुम्हाला कुठल्या वाहनाने धडक दिली नव्हती. कोण, कधी, कुठे, कशावरून पडलं आणि काय दुखापत झाली, एवढ्या पाच गोष्टी लिहायच्या. नाव घालायचं नसेल तर फक्त वय. एका वर्षात एकाच चौकात चार जण पडल्याचं त्या वहीत दिसलं, तर ते पान कुणालाही टेबलावरून बाजूला सारता येणार नाही. महाराष्ट्रात गावोगावी असे संघ आहेत आणि 'फेस्कॉम' हा त्यांचा महासंघ आहे. एका संघाने केलेली वही दुसऱ्याला सहज देता येईल.

राहिली काठी. घ्या. रबरी टोपी असलेली, हात खाली सोडून सरळ उभं राहिल्यावर मूठ मनगटापाशी येईल एवढ्या उंचीची. उजवं मनगट अजून दुखत असेल तर त्यावर भार देऊ नका. काठी कुठल्या हातात धरायची तेही फिजिओथेरपिस्टना विचारा. पाय दुखत असेल तर सहसा ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरतात. लोक काय म्हणतील याची धास्ती मला समजते, आपल्याकडे बाईच्या हातात काठी आली की नातेवाईक तिच्यावतीने निर्णय घ्यायला लागतात. पण घरात बसलेल्या बाईचे निर्णय तर लोक आणखी लवकर घेतात. शिवाय काठी हातात असली की गाडीवाले जरा थांबतात, एवढा मान आपल्या रस्त्यांवर अजून शिल्लक आहे.

पहिले काही दिवस मैत्रिणीला किंवा नातीला सोबत घ्या, फक्त मंडईपर्यंत जा आणि परत या. पिशवीत नाव, रक्तगट, चालू औषधं आणि मुलाचा नंबर लिहिलेलं कार्ड ठेवा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक मोबाइलमध्ये घालून घ्या. सोसायटीच्या बैठकीत जुना अर्ज पुढे आला की तुमचा नवा अर्ज टेबलावर ठेवा, त्यात तीनच मागण्या लिहा: तो सैल ब्लॉक आणि आजूबाजूचे सगळे ब्लॉक पक्के बसवणं, आपल्या फाटकासमोर फुटपाथ सलग करणं, चौकात पादचाऱ्यांना २५ सेकंद. पहिली सही तुमची असू दे, दुसरी मुलाची घ्या, आणि एक प्रत त्या भाजीवाल्या मावशींनाही वाचून दाखवा, कारण फुटपाथवर रोज सगळ्यात जास्त वेळ त्याच असतात आणि कुठे कोण पडतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.